पैलवान आणि बेचाळीस पायऱ्या

त्या दिवशी आमच्या दुकानाच्या दारात कुत्रा अडला नसता, तर मी मागच्या खोलीतून बाहेर आलेच नसते.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. पुढे मालक लोकांना फ्रेमा दाखवतात, आणि मागे, खिडकी नसलेल्या खोलीत, मी नंबराच्या काचा घासून, कापून त्या फ्रेमांत बसवते. माणसं मला दिसत नाहीत, त्यांचे नंबर तेवढे दिसतात. दुपारची वेळ होती. बाहेर थंडीतला चुकार पाऊस पडत होता — छत्री उघडावी तर लाज वाटते आणि न उघडावी तर भिजायला होतं, असा. मालकांनी हाक मारली, "बाई, जरा बघा हो दारात काय झालंय. दोन गिऱ्हाइकं बाहेर खोळंबलीत आणि एक आत."

दारात कुत्रा उभा होता. राखाडी, उंच आणि इतका बारीक की लांबूनही फासळ्या मोजता याव्यात. शर्यतीत पळवतात त्या हाउंड जातीचा. पुढचा एक पाय हवेत धरून तो आमच्या काचेच्या दाराकडे टक लावून बघत होता. दोरीच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस होता. निळा कामाचा डगला, भिजलेले केस आणि चेहऱ्यावर ओशाळलेलं हसू.

"माफ करा हं," तो म्हणाला. "आत दुसरा कुत्रा उभा आहे असं वाटतंय ह्याला. तो आधी वाट देईल, मग आपण जाऊ, असं दोघांचं चाललंय."

"आत फक्त आमचे मालक आहेत," मी म्हटलं. "ते भुंकतात, पण तेवढंच."

मालक मागून खोकले.

काचेवर खुणा करायचं माझं पेन खिशातच असतं. मी गुडघ्यावर बसले आणि कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीला दारावर तीन आडव्या रेघा ओढल्या. तो पुढे झाला, रेघ हुंगली. मग हवेतला पाय खाली टेकवला आणि मुकाट बाजूने निघाला. वाट मोकळी झाली. गिऱ्हाईक आत गेलं, गिऱ्हाईक बाहेर आलं. तो माणूस मात्र तिथेच उभा.

"दोन महिने मी ह्याला काचा शिकवतोय," तो म्हणाला. "तुम्ही तीन रेघांत उरकलंत."

"काच कुठे आहे ते माणसांनाही दाखवावंच लागतं. माझं कामच ते."

तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. आणि मला उगाचच वाटलं की माझ्या नाकावर काच घासल्याची पूड असणार. होतीच, ते नंतर आरशात दिसलं.

तेवढ्यात माझी लेक बाहेर आली. बिट्टी सहा वर्षांची आहे. शाळा सुटली की दुकान बंद होईपर्यंत माझ्या खोलीतल्या स्टुलावर बसून ती अभ्यास करते, म्हणजे करत नाही.

"हा उपाशी आहे का?" तिने विचारलं.

"नाही गं. दोन वेळा पोटभर जेवतो."

"मग असा का?"

"जातच तशी आहे त्यांची. पाच वर्षं पळवलं ह्याला. आता पळून होत नाही म्हणून सोडून दिलं. आमचा निवारा आहे अशा कुत्र्यांचा, तिथे असतो. घर कधी बघितलंच नाही ह्याने. काच माहीत नाही, आरसा माहीत नाही, जिना माहीत नाही."

बिट्टीने कुत्र्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि निकाल दिला, "काडीपैलवान."

पैलवानाने आपली अख्खी कूस तिच्या खांद्याला टेकवली आणि डोळे मिटून घेतले. हे कुत्रे चाटत नाहीत, उड्या मारत नाहीत, असं त्या माणसाने सांगितलं. आवडलं कुणी, की टेकतात.

*

त्यानंतर आठ दिवस बिट्टीने माझं डोकं खाल्लं. नवव्या दिवशी मी निवाऱ्याला फोन केला.

आम्ही घरी तिघी. मी, बिट्टी आणि माझ्या सासूबाई. बिट्टीचे बाबा जाऊन तीन वर्षं झाली. घर तिसऱ्या मजल्यावर, बेचाळीस पायऱ्या, लिफ्ट नाही. आजारपणात त्यांना जिना झेपेना. शेवटचे उतरले ते खुर्चीत बसून. दोन माणसांनी खुर्ची उचलली होती, मी मागून उशी धरली होती. त्या दिवसानंतर सासूबाई घराबाहेर पडलेल्या नाहीत. विचारलं की म्हणतात, गुडघे.

निवाऱ्याची एक पद्धत आहे. कुत्रा कायमचा देण्याआधी पंधरा दिवस घरी ठेवायला देतात. त्या काळात त्यांचा एक माणूस रोज येऊन घडी बसवून देतो. पंधराव्या दिवशी त्यांच्या डॉक्टरीणबाई येऊन बघतात. कुत्रा त्या घरात, त्या माणसांबरोबर आपला आपण वावरतो का, एवढंच. आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची सही लागते. एकाने जरी नाही म्हटलं तरी कुत्रा परत जातो. पैलवानासाठी दुसरं एक घर तयार होतं. शहराबाहेर, बसकं, बाग असलेलं. आमचं नाही झालं, तर तो तिकडे जाणार होता.

रोज येणारा माणूस म्हणजे दुकानाच्या दारातला तोच, हे दार उघडल्यावर कळलं.

"तुमच्याकडे लिफ्ट नाही," तो धापा टाकत म्हणाला.

"तुमचं काय बिघडलं त्यात?"

"मी लिफ्ट दुरुस्त करतो हो. पोटापाण्याचा धंदाच तो. निवाऱ्याचं काम हौसेचं."

आतून सासूबाईंचा आवाज आला. "लिफ्टवाला माणूस कुत्र्याला जिना शिकवणार. छान. उद्या नावाडी सायकल शिकवायला येईल."

सासूबाईंनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. हजारो माणसांचे आवाज कानावरून गेलेत त्यांच्या. माणूस समोर बसलेला असला तरी त्या त्याच्याकडे बघत नाहीत, खिडकीकडे बघतात आणि ऐकतात.

"कुत्र्याचं वय काय?" त्यांनी खिडकीला विचारलं.

"आठ."

"जगतात किती?"

तो खोटं बोलला असता तर सासूबाईंना कळलंच असतं. "बारा… तेरा. काही त्याच्या आधीच जातात."

"मग मी सही करणार नाही," सासूबाई म्हणाल्या. रागाने नव्हे, अगदी साधेपणाने. "पंधरा दिवस राहू दे. पोरीची हौस होऊ दे. पण ज्याचं जायचं दिसतंय, त्याला मी हाताने घरात घेणार नाही. एकदा पुरे झालं."

तो माझ्याकडे बघू लागला. मी बिट्टीकडे. आणि पैलवान खाली, पहिल्या पायरीशी, कठड्याला बांधलेला, एक पाय हवेत धरून उभा.

*

जिना शिकवायला दोन माणसं लागतात, हे मला तेव्हा कळलं. एकाने पुढे राहून पट्टा धरायचा. दुसऱ्याने मागे राहून एकेक पाय उचलून पायरीवर ठेवायचा — पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. आणि थांबायचं. घाई नाही. मी पुढे, तो मागे, मध्ये थरथरणारा पैलवान. पहिल्या दिवशी सहा पायऱ्या झाल्या. उरलेल्या छत्तीस तो पैलवानाला खांद्यावर घेऊन चढला.

"चष्मेवाल्या बाई," दुसऱ्या दिवशी तो मागून म्हणाला, "तुम्ही त्याच्याकडे बघू नका, वर बघा. तुम्ही मागे वळून बघितलं की त्याला वाटतं, काहीतरी भीती आहे."

"मी त्याच्याकडे नाही बघत."

"मग?"

"पुढचा उजवा उचला," मी म्हटलं.

त्याने उचलला. जिन्याच्या खिडकीतून पाऊस येत होता. तिसऱ्या पायरीवर थोडं पाणी साचलं होतं.

असे दिवस गेले. कामावरून सुटला की तो यायचा, सकाळीही एक खेप टाकून जायचा. मी पायऱ्या मोजायचे, तो पाय. मधल्या जागेत आम्ही काय बोललो, ते आठवायला बसले तर फार थोडं आहे. त्याचं लग्न झालं होतं आणि मोडलं होतं. "भांडण वगैरे नाही," तो म्हणाला होता, "भाड्याचं घर सोडावं तसं सोडलं दोघांनी. किल्ली देताना वाईट वाटलं तेवढंच." मी त्याला सांगितलं की बिट्टीच्या बाबांचा चष्मा अजून माझ्या खणात आहे आणि मी त्याच्या काचा दर महिन्याला पुसते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्याने "का" असं विचारलं नाही. "कापडाने की कागदाने?" असं विचारलं.

"कापडाने. कागदाने ओरखडे पडतात."

"हां," तो म्हणाला, आणि मागचा डावा पाय हळूच वरच्या पायरीवर ठेवला.

आठव्या दिवशी पैलवान स्वतःचे पाय स्वतः टाकायला लागला. बेचाळीसच्या बेचाळीस. वर पोचल्यावर बिट्टीने टाळ्या वाजवल्या. त्याचा हात आणि माझा हात एकाच वेळी पैलवानाच्या मानेवर गेला आणि… दोघांनीही लगेच काढला नाही.

आत सासूबाई खिडकीकडे बघत होत्या. तो गेल्यावर म्हणाल्या, "लिफ्टवाल्याला यायला तीन मिनिटं लागतात. जायला वीस."

"पावसाचं थांबावं लागतं, आई."

"पाऊस जिन्यात पडतो होय?"

मी स्वयंपाकघरात निघून गेले.

*

अकराव्या दिवशी त्याचा फोन आला. दवाखान्यातली लिफ्ट अडकलीये, उशीर होईल, आज तुम्ही दोघीच न्या त्याला वर. आता येतंच त्याला.

पैलवानाला खाली उतरवून देऊन तो गेला होता आणि आम्ही फिरून आलो होतो. मी पुढे झाले, पट्टा सैल सोडला. पैलवानाने पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मान वळवून मागे बघितलं. मागे बिट्टी होती. त्याने पाय खाली घेतला.

मी बिस्कीट दाखवलं. गोंजारलं. रागावले. बिट्टी मागून ढकलून दमली, मग तिने आवाज घोगरा करून "पुढचा उजवा…" असं काकांसारखं म्हणूनही पाहिलं. पैलवानाने तिच्याकडे बघितलं, बिचारीला वाईट वाटू नये इतपत, आणि परत रस्त्याकडे तोंड केलं. एक तास आम्ही तिथे उभ्या होतो. तो वाट बघत होता.

मग वळणावर लिफ्टवाल्याची गाडी वाजली. गाडी थांबायच्या आत पैलवान जिन्याकडे वळला. तो धावत आला, मागे उभा राहिला आणि पैलवान, जणू काही झालंच नाही अशा थाटात, चढायला लागला.

मला हसू आलं. मी वळून बघितलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "मागच्या माणसाने चौथ्या-पाचव्या दिवशी बाजूला व्हायचं असतं. आधी दोन पायऱ्या मागे, मग चार, मग खालीच थांबायचं. नाहीतर कुत्रा जिना शिकत नाही, ती दोन माणसंच शिकतो. पन्नास घरांत केलंय मी हे. कधी चुकलो नाही."

"मग इथे का नाही झालात बाजूला?"

पैलवान वरच्या पायरीवर थांबला होता.

"…जमलं नाही," तो म्हणाला.

एवढंच. मी पट्ट्याकडे बघत राहिले. कान तापले होते. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "मी येत जाईन. पंधरा दिवसांनंतरही. सकाळ-संध्याकाळ. मला जड नाही. डॉक्टरीणबाई येतील तेव्हाही मी मागे असेन, त्यांना काही कळायचं नाही."

मी हो म्हणणार होते. शब्द ओठांवर आला होता. वर सासूबाईंनी दार उघडल्याचा आवाज झाला, म्हणून राहिला.

*

बिट्टी पैलवानाला घेऊन आतल्या खोलीत गेली. सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. आमच्या जिन्यात शिंकलं तरी वर ऐकू येतं.

"बस," त्या म्हणाल्या. मी बसले.

"तुला कुत्रा हवाय, की कुत्र्याच्या मागून येणारा?"

मी नखातली काचेची पूड काढू लागले.

"मागून येणारा हवा असला तर त्यात पाप नाही. माझा मुलगा गेला म्हणून तू जन्मभर काचा पुसत बसावंस, असं मी कधी म्हटलंय? म्हटलंय का?"

"नाही, आई."

"पण मग त्या मुक्या जिवाला मध्ये धरू नकोस. उद्या तुमचं दोघांचं बिनसलं तर तो माणूस यायचा थांबेल. मग हे जनावर पायरीवर उभं राहून वाट बघेल. पोरगी त्याच्याशेजारी उभी राहील. आणि मला वरून ते ऐकावं लागेल."

सासूबाईंचा आवाज कधी कापत नाही. तेव्हा कापला. मी त्यांच्या पायाशी बसले, पण त्यांनी मला कुरवाळलं नाही. त्यांचा तसा स्वभाव नाही. त्यांनी माझ्या डोक्यावरून टाचणी काढल्यासारखं काहीतरी काढलं. काच असावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला, तेव्हा मी पैलवानाला घेऊन वरच्या पायरीवरच थांबले होते.

"आजपासून येऊ नका," मी म्हटलं. "पंधराव्या दिवसापर्यंत."

तो डगल्याची चेन वर-खाली करत राहिला.

"तुमच्या भरवशावर पैलवानाला ठेवून घेतलं आणि उद्या तुम्ही यायचे थांबलात, तर तो खाली उभा राहील," मी म्हटलं. "आणि… तो एकटाच नाही उभा राहणार."

हे मी बोलले. बोलून झाल्यावर मला कळलं, की मी काय बोलले.

त्याने वर बघितलं. त्याच्या डोळ्यांत काय होतं ते मला लिहिता येणार नाही. बराच वेळ तिथून नजर काढता आली नाही एवढं खरं.

"आणि तो नाहीच चढला तर?"

"तर तो बागेच्या घरी जाईल. तिथे जिना नाही."

"बिट्टी…"

"बिट्टीला मी सांगेन."

त्याने मान हलवली. जाताना पैलवानाच्या कपाळावर दोन बोटं टेकवली. माझ्याकडे बघितलं नाही. बरं केलं.

*

बाराव्या दिवशी पैलवान उतरला नाही. तळमजल्यावरच्या बेकरीवाल्याला बोलावलं. चादरीची झोळी करून आम्ही दोघांनी त्याला खाली नेलं, तसंच वर आणलं. "हाडं तरी किती आहेत ह्याच्यात," बेकरीवाला म्हणाला. बिट्टी रडली नाही, पण जेवलीही नाही.

तेराव्या दिवशी सकाळी मी पुन्हा वरच्या पायरीवर उभी होते. पैलवान उंबऱ्यात होता, मान वळवून घरात, रिकाम्या जागेकडे बघत होता. आणि त्या रिकाम्या जागेत सासूबाई येऊन उभ्या राहिल्या. पायात बाहेरचे बूट होते. कपाटाच्या तळातून काढलेले, टाचेवर बुरशीचा पांढरा ठिपका.

"मागे कुणीतरी लागतं ना?" त्या म्हणाल्या. "चल."

"आई, गुडघे…"

"गुडघे माझे आहेत."

त्यांनी कठडा धरला. एक पाय खालच्या पायरीवर ठेवला, मग दुसरा त्याच्याशेजारी आणून ठेवला. थांबल्या. श्वास घेतला. पैलवान त्यांच्या पावलाकडे बघत होता. त्याने पुढचा डावा टाकला, पुढचा उजवा टाकला आणि थांबला. सासूबाईंनी पुढची पायरी घेतली. त्याने घेतली. इतकं हळू आम्ही कुणीच उतरत नव्हतो. मीही नाही, लिफ्टवालाही नाही. त्याला हवा तसा वेग घरातच, खिडकीत बसून होता.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सासूबाई थांबल्या. मला वाटलं, दमल्या.

"इथे टेकवली होती ना खुर्ची?"

मी घट्ट कठडा धरला. "हो."

"त्या माणसांना घाम आला होता. आणि हा खुर्चीत बसून म्हणतो कसा, आई, ह्यांना चहा तरी दिलास का."

"दिला नव्हता आपण."

"नाही. सुचलंच नाही." त्या भिंतीकडे बघत राहिल्या. "तीन वर्षं मला वाटतंय, की तेवढं द्यायला हवं होतं."

पैलवान मागे वळला. अरुंद जागेत त्याला नीट वळताही येत नव्हतं. त्याने आपली कूस सासूबाईंच्या मांडीला टेकवली, सगळा भार टाकला आणि डोळे मिटले. मला वाटलं, त्या त्याला बाजूला करतील. त्यांनी एक हात कठड्यावरून सोडला आणि त्याच्या पाठीवर ठेवला. आम्ही तिथे किती वेळ होतो कुणास ठाऊक. खालून बेकरीवाल्याने विचारलं, "सगळं ठीक ना वर?" सासूबाईंनी उत्तर दिलं, "तुझे पाव करपतायत, तिकडे बघ."

त्या दिवशी सासूबाई तीन वर्षांनी रस्त्यावर आल्या. बेकरीच्या बाकावर बसल्या, दोन्ही बाजूंना बघितलं आणि म्हणाल्या, "दिव्याचा खांब हलवला वाटतं."

वर यायला अर्धा तास लागला.

पण आता आम्ही चुकणार नव्हतो. चौदाव्या दिवशी सकाळी सासूबाई दोन पायऱ्या मागे राहिल्या, संध्याकाळी वळणावरच थांबल्या. पैलवानाने मागे बघितलं. "मी आहे इथे, तू जा," त्या म्हणाल्या, आणि तो गेला. पंधराव्या दिवशी सकाळी त्या जागेवरून उठल्याच नाहीत. बिट्टी, मी आणि पैलवान खाली जाऊन वर आलो. तो एकदाही थांबला नाही.

*

डॉक्टरीणबाई दुपारी आल्या. त्यांनी पैलवानाला दोनदा खाली-वर करवलं, दात बघितले, झोपायची जागा बघितली, बिट्टीला चार प्रश्न विचारले. मग कागद टेबलावर ठेवला. मी सही केली आणि पेन सासूबाईंसमोर ठेवलं.

"किती वर्षं काढेल हा?" सासूबाईंनी विचारलं.

"खरं सांगू? चार. फार तर पाच."

सासूबाई खिडकीकडे बघत होत्या. बिट्टी श्वास धरून उभी होती. पैलवान तिच्या पलंगाशेजारी चारी पाय वर करून झोपला होता. एवढा मोठा निर्णय चाललाय ह्याची त्याला दादच नव्हती.

"चार," सासूबाई म्हणाल्या. "मग ती दुसऱ्या कुणाच्या घरी कशाला घालवायची."

आणि त्यांनी सही केली. संपूर्ण नावाची, वळणदार, टेलिफोन एक्स्चेंजच्या हजेरीवर करायच्या तशी.

डॉक्टरीणबाईंनी कागद गोळा करताना एक कागद माझ्यापुढे सरकवला. "हा तुम्हाला दाखवायचा की नाही, मला कळत नव्हतं," त्या म्हणाल्या. "आमचा माणूस रोजची नोंद लिहितो. अकराव्या दिवसाची आहे."

अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेलं. मी चष्मा लावत नाही, तरी मला ते दोनदा वाचावं लागलं.

*या घराबद्दल माझं मत धरू नये. मी तिथे आता कुत्र्यासाठी जात नाही. पैलवानाचं काय ते तुम्हीच येऊन ठरवा.*

म्हणजे "त्यांना काही कळायचं नाही" असं मला म्हणून झाल्यावर, त्याच दिवशी घरी जाऊन त्याने हे लिहिलं होतं. मी नको म्हणण्याच्या आधी.

डॉक्टरीणबाई गेल्या. सासूबाईंनी बिट्टीला हाक मारली, "चल गं, पैलवानाला बेकरीपर्यंत नेऊन आणू." बिट्टी म्हणाली, आत्ताच तर आणलं. "मग पुन्हा नेऊ," सासूबाई म्हणाल्या आणि कपाटाकडे बूट शोधायला गेल्या.

घरात मी एकटी उरले. बाहेर ऊन पडलं होतं, फिकट, पावसाने धुतलेलं. मी फोन लावला. त्याने पहिल्या घंटेला उचलला. मागे कुठेतरी लिफ्टचं दार उघडत होतं, मिटत होतं.

"चढला," मी म्हटलं.

"कळलं. डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता." तो म्हणाला. "एकटा चढला?"

"आईंनी शिकवलं. मी कागद वाचला."

"तो तुम्ही वाचायचा नव्हता."

"मग लिहायचा नव्हता."

लिफ्टचं दार पुन्हा मिटलं. मी खणातला चष्मा बाहेर काढून ठेवला होता, कधी काढला आठवत नाही. त्याच्या काचांत खिडकी दिसत होती, दोन लहान लहान खिडक्या. मी तो उचलला, त्याच्या डबीत ठेवला आणि डबी मिटली.

"मी…" तो म्हणाला. "मी येऊ का?"

"पैलवान फिरून आलाय," मी म्हटलं. "जेवलाय. जिना त्याला येतो. बिट्टीचा अभ्यास झालाय, आईंचे गुडघे बरे आहेत. घरात तुम्ही करावं असं एकही काम उरलेलं नाही."

मग अगदी हळू आवाज आला.

"म्हणजे… नको येऊ?"

"म्हणजे या," मी म्हटलं.